पाच नंबरची उणीव

मंगळवारी सकाळी सव्वासातला पारख या संगणकप्रणालीने आठवड्याचे आकडे दिले आणि शर्वरी मगदूमने ते तीनदा तपासले. आधी वाटलं, कॅमेरा हलला असेल. कोर्टभोवतीच्या सहा कॅमेऱ्यांपैकी तिसरा नदीच्या बाजूच्या खांबावर होता आणि वारा सुटला की तो थरथरायचा. पण तो जागेवर होता. मग वाटलं, पारखने माणसं ओळखण्यात गफलत केली असेल, पाच नंबरच्या मुलीला पंधरा नंबरची समजलं असेल. तसंही नव्हतं. तिसऱ्या वेळी मात्र तिने शंका बाजूला ठेवली आणि समोर जे होतं ते नुसतं वाचलं.

नाझनीन मुजावर, कप्तान, जर्सी पाच. उणीव: शून्य पूर्णांक आठ.

ऑगस्टमध्ये हाच आकडा पाच पूर्णांक नऊ होता.

सदामते सर दोन कप चहा घेऊन आत आले. सांगलीच्या कृष्णाकाठ महिला महाविद्यालयात ते एकोणीस वर्षं बास्केटबॉल शिकवत होते आणि पारखचा पडदा ते अजूनही परीक्षेचा निकाल बघावा तसा लांबूनच बघायचे.

"हा कुणाचा?"

"नाझनीनचा."

सरांनी कप टेबलावर ठेवले. "गुडघा?"

"गुडघा ठीक आहे. धावणं ठीक आहे. नेम तर ऑगस्टपेक्षा सुधारलाय."

"मग?"

"तेच शोधायचंय. गुरुवारपर्यंत वेळ द्या, सर."

"मी दिला. पण पोरींच्या मोबाइलवर आकडे आठ वाजता जाणार, ते काय माझ्या हातात नाही." सर खुर्चीत बसले. "शनिवारी उपांत्य सामना. पुढच्या शनिवारी अंतिम, म्हणजे पोहोचलो तर. या दोन सामन्यांच्या सरासरीवरच शिबिराची यादी आहे. तीनच्या खालचं नाव तिथं कुणी वाचतसुद्धा नाही."

शिबिर म्हणजे राष्ट्रीय शिबिर. देशभरातून अठरा मुली. प्रत्येक कॉलेजने आपल्या तीन प्रमुख खेळाडूंची नावं पाठवायची आणि नावासमोर उणीव लिहायची. नाझनीनचं हे शेवटचं वर्ष होतं. मिरजेत तिच्या मामांच्या ओळखीच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची नोकरी तिची वाट बघत होती आणि घरच्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, शिबिराचं पत्र आलं तर खेळ, नाहीतर जूनपासून दवाखाना.

पारखचं गणित समजायला अवघड नाही, करायला अवघड आहे. स्पर्धेच्या प्रत्येक कोर्टवर लावलेले सहा कॅमेरे दहाही मुलींचे घोटे, गुडघे, खांदे, कोपरं, मनगटं सेकंदाला पन्नास वेळा टिपतात. चारपाच सामन्यांत एवढी माहिती जमते, की त्यातून प्रत्येक मुलीची एक प्रतिकृती उभी राहते. ही प्रतिकृती म्हणजे चित्र नव्हे, सवयींचं कोष्टक. समोर दोघी आल्यात, डावीकडे जागा मोकळी आहे, घड्याळात नऊ सेकंद उरलेत, अशा वेळी ही मुलगी शंभरातून कितीदा पास देईल, कितीदा मुसंडी मारेल, कितीदा तिथूनच बास्केटवर नेम धरेल. अशा दहा प्रतिकृती एकमेकींसमोर सोडल्या की संगणकात आख्खा सामना खेळला जातो, आणि तो एकदाच नाही, दहा हजार वेळा. मग जिचं मोल काढायचं तिला बाहेर काढायचं, तिच्या जागी बाकावरची सगळ्यात योग्य मुलगी घालायची आणि पुन्हा दहा हजार सामने खेळवायचे. दोन्ही सरासऱ्यांमध्ये जितक्या गुणांचा फरक, तितकी तिची उणीव. थोडक्यात, ती नसती तर संघाला किती गुणांचा फटका बसला असता.

शर्वरीला हे गणित मनापासून आवडायचं. ती स्वतः याच कोर्टवर चार वर्षं खेळली होती. तेव्हा कोणी किती बास्केट केले एवढंच वहीत लिहिलं जायचं, आणि ज्या मुलीने अंगावर धक्के घेऊन दुसरीला वाट करून दिली तिच्या नावापुढे काहीच नसायचं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर ती पारख चालवायला याच कॉलेजात परत आली, ती या एका कारणासाठी. पारख कुणालाही विसरत नाही असं ती सगळ्यांना सांगायची.

बुधवारी दुपारी तिने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. नाझनीनला बाहेर काढल्यावर पारख तिच्या जागी कोणाला घालतं?

उत्तर होतं रेणुका कोळेकर, जर्सी पंधरा. जत तालुक्यातल्या एका वस्तीवरून आलेली पहिल्या वर्षाची मुलगी. नाझनीनची मागची.

कृष्णाकाठमध्ये ही एक जुनी पद्धत आहे. चौथ्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूला जुलैमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी नेमून देतात. सरावात ती सिनिअरच्या मागे उभी राहते आणि ती करेल ते करते, म्हणून ती मागची. तिची जर्सीही तशीच, पाचची मागची पंधरा, आठची मागची अठरा. वर्ष संपायच्या आत मागचीने सिनिअरला अकरा गुणांच्या डावात हरवायचं, एकीसमोर एक. आणि हरलेल्या सिनिअरने आख्ख्या संघाला भडंग खिलवायचं. जिची मागची मार्चपर्यंत जिंकत नाही, तिला निरोपसमारंभात इतकं चिडवतात, की बिचारी फोटोतही नीट हसत नाही. त्यामुळे इथे सिनिअर मुली स्वतः हरायला मिळावं म्हणून वर्षभर घाम गाळतात. तीन वर्षांपूर्वी शर्वरी चौथ्या वर्षाला होती तेव्हा तिची मागची होती नाझनीन. तिने डिसेंबरातच शर्वरीला अकरा-सात हरवलं होतं.

शर्वरीने दोघींच्या हालचाली पडद्यावर एकावर एक ठेवल्या. नाझनीनची एक खास लकब होती. चेंडू घेऊन वेगात येताना ती मध्येच अर्धा श्वास थांबायची. समोरची मुलगी त्या थांबण्याला फसून टाचांवर जायची आणि तेवढ्यात ही तिच्या खांद्याजवळून निघून जायची. नाझनीन शंभरातल्या चौतीस वेळा हे करायची. रेणुका ऑगस्टमध्ये शंभरातून दोनदा करायची. आता एकतीस वेळा.

जुन्या प्रतिकृती पुसायच्या नाहीत ही शर्वरीची सवय होती. तिने रेणुकाची ऑगस्टमधली प्रतिकृती काढली, नाझनीनच्या जागी ती घातली आणि दहा हजार सामने पुन्हा खेळवले. वीस मिनिटांनी आकडा आला. सात पूर्णांक एक.

म्हणजे नाझनीन कमी झाली नव्हती, वाढली होती. फक्त ती गेल्यावर जो खड्डा पडला असता तो तिने रोज सकाळी दीड तास खपून स्वतःच भरून काढला होता. आणि पारख खड्डाच मोजत होतं.

गुरुवारी सराव संपल्यावर तिने हे नाझनीनला सांगितलं. नाझनीन कोर्टच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी असले काय नि नसले काय, सारखंच. अम्मी घरी रोज हेच म्हणते. त्याला सहा कॅमेरे कशाला लावले?"

"चेष्टा नको करूस. नऊ दिवस आहेत."

"नऊ दिवसांत काय करू?"

शर्वरीने कालपासून हेच वाक्य मनात घोळवलं होतं, तरी ते म्हणताना तिने नाझनीनकडे बघितलं नाही. "रेणुकाला शिकवणं थांबव. तिची प्रतिकृती दर सामन्यानंतर नव्याने बनते. सराव तुटला की तिच्या नव्या सवयी आधी ढिल्या पडतात. तुझा आकडा अडीचतीनपर्यंत जाईल."

"हे तू सांगतेस?"

"बाकीच्या कॉलेजांत हेच चाललंय. पुण्याच्या एका कॉलेजात सिनिअर मुली आपली खास चाल ज्युनिअर गेल्यावर करतात, हॉलचं दार लावून. मूर्ख नाहीत त्या. आकडा काय मोजतो हे त्यांना आपल्याआधी कळलं."

नाझनीनने बूट काढला, उलटा करून त्यातली वाळू झटकली. "तू मला तो थांबा शिकवलास तेव्हा पारख असतं तर शिकवला असतास?"

शर्वरीने पायरीवर पडलेली वाळू पायाने बाजूला सारली.

"बघते," नाझनीन म्हणाली. "शिबिराला जायचंय मला, शर्वरीताई. उगाच मोठेपणा नाही करत. खरंच जायचंय."

त्याच दिवशी दुपारी रेणुका संगणकाच्या खोलीत आली. दारात चपला काढल्या, ते इथे कोणी करत नसे. आकडे सगळ्यांच्याच मोबाइलवर गेले होते आणि पोरींमध्ये कुजबुज सुरू होती.

"ताई, एक इचारू? नाझनीनताईंच्या जागी पारख मला घालतंय व्हय?"

"हो."

"आणि मी ऑगस्टमध्ये खेळायचे तशी खेळले असते, तर ताईंचा आकडा किती आला असता?"

प्रश्न अगदी नेमका होता. असा प्रश्न कोणी विचारला की शर्वरीला हटकून आनंद व्हायचा. एम.एस्सी.च्या वर्गातसुद्धा इतकं सरळ विचारणारं कोणी नव्हतं. "सात पूर्णांक एक," तिने सांगितलं. वर हेही सांगितलं, की प्रतिकृती बनवताना पारख सगळ्यात ताज्या सामन्याला जास्त वजन देतं. रेणुकाने मान डोलावली, चपला घातल्या आणि ती गेली. आपण काय करून बसलो हे शर्वरीला चार दिवसांनी कळलं.

उपांत्य सामना सोलापूरला झाला. कृष्णाकाठ दोन गुणांनी जिंकलं, पण जिवावर बेतलं होतं. तिसऱ्या डावात नाझनीनला चौथा फाउल मिळाला. आणखी एक झाला असता तर ती बाहेरच गेली असती, म्हणून सरांनी तिला बसवलं आणि रेणुकाला उतरवलं. सात मिनिटांत रेणुकाने चार वेळा चेंडू घालवला. एकदा तर पास थेट प्रतिस्पर्धी मुलीच्या हातात दिला. अकरा गुणांची आघाडी संपली. नाझनीन परत आली आणि तिने सामना ओढून काढला. बसमध्ये सगळ्या गात होत्या. रेणुका खिडकीशी डोळे मिटून बसली होती आणि 'पहिल्याच मोठ्या सामन्यात होतं असं' म्हणून मुली तिची समजूत घालत होत्या.

सोमवारी आकडा आला. नाझनीन मुजावर, उणीव चार पूर्णांक सहा.

सदामते सरांनी ऑफिसच्या शिपायालाही पेढा दिला. शर्वरीने आपला पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. ती रेणुकाचे ते चार चुकलेले पास सावकाश गतीने बघत होती.

माणसाची खरी चूक पायांपासून सुरू होते. मुलगी चुकीचा निर्णय घेते तेव्हा तिचा मागचा पाय चुकीच्या दिशेला वळलेला असतो, मग कंबर वळते, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी चेंडू जातो. हे पारखच्या हजारो नोंदींत दिसतं. रेणुकाच्या चारही चुकांत पाय बरोबर होते. कंबर बरोबर, खांदा बरोबर, पास जिला जायला हवा तिच्याकडेच सगळं अंग वळलेलं. आणि सेकंदाच्या शेवटच्या पाचव्या हिश्शात एकटं मनगट फिरलं होतं. पारख फक्त चेंडू कुठे गेला ते शिकतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही साधी चूक होती. तिने मागचे सामने काढले. नाझनीन कोर्टवर असताना असं मनगट एकदाही फिरलेलं नव्हतं.

शर्वरी गप्प राहिली असती तर हे जगात कोणालाही कळलं नसतं. अंतिम सामन्यात रेणुकाने आणखी पाच मिनिटं तसंच केलं असतं आणि नाझनीन शिबिराला गेली असती. तिथं जायची तिची लायकी होतीच, हे शर्वरीइतकं कोणालाही ठाऊक नव्हतं. खोटा आकडा खऱ्या उत्तराच्या जास्त जवळ होता, आणि गणिताच्या माणसाला याहून वाईट जागा नाही. दुपारपर्यंत ती या एकाच विचाराभोवती फिरत राहिली. मग तिने नाझनीनला बोलावलं आणि चारही तुकडे दाखवले.

नाझनीनने पहिला बघितला. दुसरा बघितला. तिसरा सुरू व्हायच्या आत ती उठली.

रेणुका कोर्टवर एकटीच नेमबाजी करत होती. नाझनीन सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. शर्वरी मागून धावत आली.

"सोलापूरला काय केलंस?"

"चुकलं, ताई."

"चुकलं नाही. केलंस. खोटं बोलू नकोस, तुझं मनगट बघून आलेय मी."

रेणुकाने चेंडू पोटाशी धरला. "मग काय करू? तुम्ही मला शिकवलं म्हणून तुमचा आकडा पडला. माझ्यामुळं तुम्ही दवाखान्यात बसणार, आणि मी तुमचाच थांबा घेऊन इथं खेळणार? मला न्हाई जमत ते."

"आणि आपण हरलो असतो तर? त्या बाकीच्या दहाजणींनी काय वाकडं केलं होतं तुझं?"

"जिंकलो की."

"दोन गुणांनी. माझे पाय अजून दुखतायत." नाझनीनचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आठ महिने रोज साडेपाचला उठले मी तुझ्यासाठी. तुझा पास तुझ्या हाताला लागावा म्हणून. तो लागलाय. आता तू तोच हात मुद्दाम वाकडा करून मला भेट देतेस? ती भेट मी घेऊ?"

रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. नाझनीनने तिला रडायला सवड दिली नाही.

"चेंडू दे इकडे. अकराचा डाव. आत्ता."

"आत्ता?"

"आत्ता. आणि नीट ऐक. तू मुद्दाम हरलीस तर मला कळेल. कळलं की मी सरांना सांगून यादीतून माझं नाव काढून घेईन. मग तुझा चार पूर्णांक सहा घाल कुठं घालायचा तिथं. शर्वरीताई, तू मोज."

शर्वरीने पुष्कळ डाव बघितले होते, असा नाही. पहिले चार गुण नाझनीनने घेतले आणि ते घेताना जराही दया दाखवली नाही. रेणुका अजून रडत होती, तिला रिंग नीट दिसत नसावी. पाचव्या गुणाला नाझनीन वेगात आली, अर्धा श्वास थांबली आणि रेणुका टाचांवर गेलीच नाही. तिने चेंडू हिसकावला. तिथून डाव फिरला. पाच-पाच. आठ-सात. कोपऱ्यातल्या नळावर पाणी प्यायला आलेल्या मुली हळूहळू कडेने जमल्या. कोणी ओरडत नव्हतं. नऊ-नऊ झालं तेव्हा नाझनीनने रेणुकाला खांद्याने असं रेटलं, की खऱ्या सामन्यात फाउल मिळाला असता, आणि ती हळूच म्हणाली, "घे ना, कुणाची वाट बघतेस?"

रेणुकाने घेतला. पुढचाही घेतला. अकरा-नऊ.

नाझनीन गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होती. "कांदा जास्त की कमी?" तिने विचारलं.

"काय?"

"भडंगात."

पुढच्या शनिवारी कोल्हापूरला अंतिम सामना झाला. दुसऱ्या डावात सहा मिनिटं आणि शेवटच्या डावात पाच मिनिटं नाझनीन बाकावर होती. शेवटची पाच तिने स्वतः मागून घेतली. सर म्हणाले, "अगं, तुझ्या आकड्याचा तरी विचार कर." ती म्हणाली, "सर, माझा पाय उचलत नाहीये आणि तिचा उचलतोय. यात आकडा कुठून आला?" रेणुकाने त्या अकरा मिनिटांत एकदाही चेंडू घालवला नाही. कृष्णाकाठ चौदा गुणांनी जिंकलं.

अंतिम सामन्यातली नाझनीनची उणीव शून्य पूर्णांक चार आली.

सोमवारी यादी पाठवायची होती. आठ नंबरच्या मुलीची उणीव साडेचार, बारा नंबरच्या मुलीची तीन पूर्णांक दोन. तिसरं नाव शर्वरीने लिहिलं आणि सोलापूरच्या सामन्याचा आकडा खोडला. चार पास मुद्दाम चुकवलेले होते, म्हणून हा आकडा धरू नये, अशी टीप जोडली. त्यामुळे सरासरी काढायला एकच सामना राहिला आणि नाझनीनच्या नावासमोर शून्य पूर्णांक चार उरलं. सरांनी वाचून चष्मा काढला. "रेणुकाचं नाव टिपेत आलं तर तिचं पुढं काय?"

"तिनेच लिहायला सांगितलंय, सर. सहीपण तिची आहे."

खाली शर्वरीने आणखी एक हिशोब जोडला. पारख एका सामन्यातून मुलीला काढतं. तिने नाझनीनला आख्ख्या वर्षातून काढलं. म्हणजे नाझनीन नाही आणि तिने शिकवलेलंही नाही. रेणुका आणि नाझनीनच्या हाताखाली तयार झालेल्या आणखी तिघी, सगळ्यांच्या ऑगस्टमधल्या प्रतिकृती घालून अंतिम सामना दहा हजार वेळा खेळवला. उणीव अकरा पूर्णांक तीन. या आकड्याला नियमात जागा नव्हती. तिने तो दुसऱ्या पानावर लिहिला आणि पद्धत दीड पानात समजावली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता निवड समितीच्या खोब्रागडे मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. पंधरा वर्षांपूर्वी त्या देशासाठी खेळल्या होत्या आणि अजूनही पडद्यावर त्यांचे खांदे मावत नव्हते.

"मगदूम, तुमचं दुसरं पान वाचलं. गणित बरोबर आहे."

"थँक्यू, मॅडम."

"थांबा. बरोबर आहे, पण माझ्या कामाचं नाही. ज्यांच्या मुलीचा आकडा कमी येतो ते सगळेच मला पत्र लिहितात. या वर्षी एकोणतीस आली. तुमचं चांगलं लिहिलेलं आहे एवढाच फरक. मला ऑगस्टमध्ये सामने खेळायचे आहेत. चार वर्षांनी कोण किती उपयोगी पडलं हे तेव्हा कळून काय करू? आणि हिची जागा ती पंधरा नंबर भरते म्हणता, तर मी पंधरा नंबरलाच बोलावते ना."

नाझनीन शर्वरीच्या शेजारीच बसली होती, पडद्याच्या चौकटीबाहेर. तिने खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, मी नाझनीन मुजावर. बोलू का?"

"बोल."

"रेणुकाला पुढच्या वर्षी बोलवा. ती यायलाच पाहिजे. पण मला एक सांगा, शिबिरात जागा कशावरून पक्की होते?"

"उणिवेवरून. दर आठवड्याला मोजतो."

"म्हणजे अठरा मुली येतात आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकीला माहीत असतं, की आपली चाल शेजारणीला आली की आपला आकडा पडला."

खोब्रागडे मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग कोणी कोणाला काही दाखवत असेल असं मला वाटत नाही," नाझनीन म्हणाली. "मीसुद्धा नऊ दिवस विचार केला होता, दार लावून घेऊ का म्हणून. इतकं सोपं असतं ते."

"गेल्या वर्षी," मॅडम सावकाश म्हणाल्या, "दोन मुली सकाळी चार वाजता उठून सराव करायच्या. एकमेकींना कळू नये म्हणून. दोघी एकाच जागेवर खेळायच्या. आणि सामन्यात एक बसली की दुसरीला तिचं काहीच ठाऊक नाही. तिसऱ्या डावात आम्ही कोसळायचो. प्रत्येक वेळी." त्यांनी कपाळ चोळलं. "आकडे मात्र दोघींचे सुंदर होते."

"मॅडम, सतरा तशा घ्या. अठरावी मी. माझी उणीव मोजूच नका, ती शून्यच येणार, मी आत्ताच सांगते. मला एक महिना द्या आणि महिन्याने बाकी सतरा जणींना मोजा. बाकावरच्या मुली उतरल्या की संघ किती खाली जातो ते मोजा. शर्वरीताईंना पद्धत माहीत आहे, त्या पहिल्या दिवशीच्या प्रतिकृती जपून ठेवतील. फरक नाही पडला, तर मी स्वतः बॅग भरते. दवाखान्यातली खुर्ची कुठे पळून जात नाही."

"आणि त्या मुली तुझ्याकडून शिकतील कशाला? तू तर त्यांची स्पर्धक."

"नाही ना. शून्यवालीशी कोण स्पर्धा करतंय?"

मॅडम खाली बघून काहीतरी वाचत होत्या, बहुतेक ते दुसरं पान. शर्वरीने टेबलाखाली नाझनीनचा हात धरला.

"बुटांचा नंबर काय तुझा?" मॅडमनी विचारलं.

"सात."

"सातचे आमच्याकडे नेहमी कमी पडतात. स्वतःचे घेऊन ये. मगदूम, त्या प्रतिकृती जपायचं काय ते मला लेखी पाठवा. आजच."

पडदा काळा झाला. दारात सदामते सर उभे होते. ते कधीपासून तिथे होते कोण जाणे, आत यायचं धाडस त्यांना झालं नसावं.

"काय म्हणाल्या गं?"

"बूट घरून आणा म्हणाल्या, सर," नाझनीन म्हणाली.

सरांना ते कळायला थोडा वेळ लागला.